वाटेवरचे प्लग

४ फेब्रुवारी २००८, सोमवार
राहनाळला आत्याच्या ओट्यावर प्लग बसवला. कशेळीला वाण्याच्या दुकानात, अंजूरफाट्याला अन्सारीभाईंच्या लूमच्या शेडमध्ये आणि टेमघरला पिठाच्या गिरणीत आधीच झालेत. म्हणजे कशेळी ते टेमघर लाइन पूर्ण. बॅटरीची स्कूटर बघायला दुकानात येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारतो, "मध्येच संपली तर?" पेट्रोल बाटलीतून आणता येतं, वीज कशातून आणणार? कंपनी म्हणते एका चार्जिंगला साठ किलोमीटर. आपल्या खड्ड्यांतून, ट्रेलरच्या मागून, निम्मं मिळालं तरी देव पावला. बॅटरी जुनी झाली की त्याच्याही निम्मं.
आता छाती ठोकून सांगता येईल : वाटेवर आपली माणसं आहेत. परक्याच्या दारात गिऱ्हाईक संकोचेल, म्हणून सगळ्या जागा मुद्दाम ओळखीच्या धरल्या. वंदनाला नकाशा काढून दाखवला. म्हणाली, "नातेवाइकांच्या घरी पत्रिका वाटायला निघाल्यासारखा दिसतोय." बायकोला कौतुक म्हणून नाही.

९ फेब्रु., शनि.
सुरेखाताई दुकानात येऊन गेल्या. आमच्याच कशेळीच्या, टेमघरच्या शाळेत बाई. एक पाय पोलिओचा, म्हणून त्यांच्या स्कूटरला मागे दोन जादा चाकं मीच बसवून दिली होती. आधी वडील मोटरसायकलवरून ने-आण करायचे. वडिलांची कंबर धरली की यांची रजा.
स्कूटरला दीड वर्ष झालं, आता एका चार्जिंगमध्ये जाऊन परत येणं होत नाही. शाळेत प्लग आहे, पण टेमघरचं लोडशेडिंग नेमकं सकाळच्या सत्रात, आणि गिरणीही त्याच लाइनवर. म्हणून शाळा सुटल्यावर परतताना राहनाळला आत्याकडे दोनेक तास थांबतात. तिथे दुपारी लाइट असते.
जाताना म्हणाल्या, "दादा, आता मी कुणाच्या वेळेवर नाही." बरं वाटलं. खूपच.

१६ फेब्रु., शनि.
राहनाळला चक्कर. आत्या खूश. घरात दोघंच, ती आणि मामा, मुलगा पुण्याला. आता रोज कुणीतरी ओट्यावर. विम्याचे म्हात्रे तिथे स्कूटर लावायचे, त्यांनी मला बाजूला घेतलं. "अरे, तुझी आत्या सोडतच नाही. भाकरी, सुकट, वर आणि भात. घरी जेवण जात नाही. बायको विचारते, कुठे जेवून येता?" आता ते तिथे थांबत नाहीत म्हणे, स्कूटर अर्ध्या वाटेवर ठेवून पुढे रिक्षा करतात.
हसलो. हसायला नको होतं बहुतेक.
आत्याला म्हटलं, चार्जिंगचं थोडं काही घेत जा, म्हणजे लोकांना मोकळं वाटेल. तिने मलाच झापलं. "दारात आल्याकडना लाइटीचं पैसं घेऊ? गाव थुकंल माझ्यावर."

२७ फेब्रु., बुध.
आज जे ऐकलं ते लिहायलाही जड जातंय.
सुरेखाताई आल्या, खुर्चीवर बसल्या नाहीत. काल शाळेतून येताना आत्याकडे स्कूटर लावली. अर्ध्या तासाने आतून तीन माणसं ओट्यावर आली. आत्याच्या जावेचा भाऊ, बिजवर, दोन गोडाऊनचा मालक, आणि सोबत त्याच्याकडच्या दोन बायका. पोहे आले. मग प्रश्न. वय काय, पगार काय, पाय कधीपासून. ताईंना आधी कुणी अवाक्षर सांगितलेलं नाही. आत्याने परस्पर बघण्याचा कार्यक्रम ठरवला होता!
मग त्यातली एक बाई म्हणाली, "जरा चालून दाखव बाय."
"मग?" मी विचारलं.
"चालले ना. मीटरवर लाल दिवा होता, दादा. उठून जाणार कुठे?"
मला खूप राग आला. आत्याचा, आणि मग माझा. चार्जिंगला लावलेली बाई म्हणजे दोन तास हाती सापडलेली बाई, हे मला कसं सुचलं नाही? स्वतः कुठे स्कूटर लावून बसलोच नाही ना कधी.
आता त्या अन्सारीभाईंच्या शेडमध्ये थांबतील. अन्सारीभाईंना फोन केला. "बैठने दो ना, मैडम अपनी कॉपियाँ जाँचेंगी, हम अपना धागा देखेंगे." लूमच्या खडखडाटात कुणी कुणाला काही विचारूच शकत नाही. उत्तम.

२९ फेब्रु., शुक्र.
मी गाढव आहे.
शुक्रवार! लूमला सुट्टी, शेडला कुलूप. पंधरा वर्षं मी लूमच्या जळलेल्या मोटरी भरायचं, वायंडिंगचं काम केलं, शुक्रवार म्हणजे माझा सगळ्यात कामाचा दिवस असायचा, आणि मीच विसरलो.
सुरेखाताईंनी कुलूप बघितलं, तशाच पुढे निघाल्या. राहनाळला आत्याच्या दारावरून गेल्या. थांबल्या नाहीत. काल्हेरच्या पुढे स्कूटर बंद पडली, दोन्ही बाजूंनी ट्रेलर. दुपारभर रस्त्याच्या कडेला उन्हात बसून होत्या. शेवटी एका पाण्याच्या टँकरवाल्याने स्कूटर मागच्या फळीवर बांधली आणि घरी सोडलं.
फोनवर एवढंच सांगितलं. मी सॉरी म्हणालो. त्यांनी फोन ठेवला.

१ मार्च, शनि.
त्यांचे वडील टेम्पोतून स्कूटर घेऊन दुकानात. ताई सोबत नाहीत. "ठेव ही तुझ्याकडं. पुरी झाली नोकरी. सोमवारी राजीनामा देल."
"ताई म्हणाल्या का तसं?"
"ती काय म्हनंल? मी म्हनतंय."
किल्ली टेबलावर ठेवून गेले. स्कूटर कोपऱ्यात उभी आहे. तिच्याकडे बघवत नाही.

२ मार्च, रवि.
वंदनाशी बोललो. म्हटलं, जादा प्लग टाकू का, काल्हेरला एक, पूर्णाला एक? ती भाजी निवडत होती. "प्लग कमी नाहीत तुमचे. तुमची आपली माणसं जरा जास्तच आपली आहेत."
नंतर कागद घेऊन बसलो. प्लग घराच्या आत नकोतच. कंपाऊंडच्या भिंतीत, रस्त्याच्या बाजूने पत्र्याचा डबा. वेगळा मीटर. डब्याची किल्ली गिऱ्हाइकाकडेच. यायचं, लावायचं, जायचं. ओटा चढायचा नाही, हाक मारायची नाही, कुणाचं कुणी नसायचं. सोपं आहे. इतकं सोपं सुचायला महिना लागला.
संध्याकाळी कशेळीला जाऊन ताईंच्या वडिलांची मनधरणी केली. पंधरा दिवस राजीनामा थांबवतो म्हणाले. तेवढंच.

५ मार्च, बुध.
आत्याकडे. मी डब्याचा विषय काढायच्या आधी तिनेच काढला. "माझ्या दारावरना गेली आन थांबली न्हाय. लोकांनी सांगितला मना. माझा काय चुकला रे बाल्या? चांगला स्थळ व्हता."
डब्याबद्दल सांगितलं तर भडकलीच. "दारात आलेली पोर रस्त्यावर बसवू? मंग घर कशाला बांधला?"
तेव्हा मी सगळं बोललो. ती इथे थांबते ते लाल दिव्यामुळे, तिला दुसरी वाट नसते. आणि आपण तिला चालायला लावलं.
मामा उठून मागल्या दारी गेले. आत्या म्हणाली, "मना पन चालायला लावलेला. माझं दोन्ही पाय चांगलं व्हतं, तरी पन." मग पदराने ओटा पुसायला लागली. पुसलेलाच होता.
निघताना म्हणाली, "लाव तुझा डबा. मी बोलवू पन नको का तिला?"
"नको, आत्या."
"हाक पन नको?"
"नको."

१० मार्च, सोम.
राहनाळला डबा बसला. अन्सारीभाईंनी शेडबाहेर तसाच लावायचं कबूल केलंय, म्हणजे कुलपाची कटकट मिटेल. पण त्यांच्या नव्या मीटरला वेळ आहे. तोवर शुक्रवारी राहनाळच.
सुरेखाताईंना स्कूटर आणि डब्याची नवी किल्ली देऊन आलो. त्यांनी किल्ली उलटसुलट बघितली. "एक शुक्रवार बघते. कुणी ओट्यावर नेऊन बसवलं, तर स्कूटर तुम्हाला, राजीनामा हेडमास्तरांना." वडील आतून ऐकत होते. खोकले.

१४ मार्च, शुक्र.
दुकानात लक्ष नाही. एका गिऱ्हाइकाला चुकीचा चार्जर दिला, तो परत आला, हसून घेतलं.
शाळा सुटायची वेळ झाली. मग अर्धा तास गेला. मग आत्याचा फोन. इतकी हळू बोलत होती की आधी मला वाटलं मामांना काही झालं.
"आली रे. डबा उघारला, वायर लावली. आता गारीवरच बसलेय, पोरांचे पेपर तपासतेय."
"बरं झालं."
"मी खिरकीच्या मागं हाय. तिला दिसत न्हाय मी."
"बरं."
"ऊन हाय रे. तोंडावर ऊन येतंय तिच्या. झाड पन न्हाय तिथं." हे खरं होतं. डबा मापून बसवला, सावली मापली नाही. "बोलवू का नको? तू सांग."
मी काय सांगणार होतो? बोलाव म्हटलं तर महिन्याभराची मेहनत मातीत. नको म्हटलं तर ती बाई उन्हात, आणि सांगणारा मी पंख्याखाली.
"नको," म्हणालो.
फोनमध्ये मागून रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता.
"किती येल लागंल?"
"दोन तास तरी."
"दोन तास," ती म्हणाली. "बाल्या, दोन तास मी घरात कशी बसू रे?"