सावन संपला त्या संध्याकाळी

राखीपौर्णिमा, संध्याकाळ

दिवसभर धाकधूक. ह्यांनी शेजारच्या मिश्राजींच्या सोबतीने सावनभर दारू सोडली, आणि हिंदी लोकांचा सावन आज संपला. महिनाभर रोज संध्याकाळी हे माझ्याशी रमी खेळले, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षासारखे, हरल्यावर रुसूनसुद्धा. लहानपणी कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांना पत्त्यांचा केवढा राग. मला मात्र पत्तेच पावले. आता उद्यापासून परत ग्लास?

दिवेलागणीला मिश्राजी फाटकातून ओरडलेच, "चलो भैया, सावन खतम!"

मी पत्ते आवरायला घेतले.

"आपका खतम हुआ होगा," हे म्हणाले. "हम मराठी लोगों का पोला तक चलता है." मग माझ्याकडे वळून, "पत्ते काहून ठेवून राहिली? वाट ना!"

वाटले. आनंदात ह्यांना दोन पत्ते जास्तच गेले.