साडूभाऊची मोटरबोट

१२ जानेवारी, रविवार

प्रफुल्लनं बोट घेतली. विचारलं नाही, सांगतलं नाही, सरळ व्हॉट्सअॅपवर फोटो. रबराची, फुगवायची, मागं पेट्रोलची मोटर. चौघं आरामात बसतात म्हणे. खाली वर्षाच्या माहेरच्या ग्रुपवर नुसते अंगठे अन् टाळ्या. माझ्या बायकोनं, वर्षानं, तीन अंगठे टाकले. तीन!

सहा वर्षांपासून माझी कयाक आहे. दोन जणांची, वल्ह्यानं चालवायची. या खानदानाले पाण्यात उतरायले शिकवलं कोणी? मी. काटोलच्या या संत्रा-व्यापाऱ्याले लाइफ जॅकेटचं बक्कल लावायले शिकवलं कोणी? तेही मीच. आता तो मोटरवाला झाला अन् मी वल्हेवाला.

यापुढं नुसतं प्र. लिहीन. पूर्ण नाव लिहायले हात वळत नाही. साडू आहे, वर्षाच्या लहान बहिणीचा, वैशालीचा नवरा. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. केस मात्र भरपूर.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सगळे गोड बोलून राहिले, मी पण बोललो. प्र.ले फोनवर म्हटलं, 'छान झालं गा, घेतली ते.' फोन ठेवल्यावर उगाच पोरीवर, ओवीवर वरडलो, चप्पल दारात काहून ठेवली म्हणून.

१९ जानेवारी, रविवार

बोटीची पूजा. भिवापूरले, सासूबाईच्या अंगणात. बोट फुगवून मधोमध ठेवली होती, पाणी तिथून कितीतरी किलोमीटर. मोटरले हळदकुंकू, हार, नारळ. माझी कयाक आणली होती तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, 'हे एवढं लांबलचक कुठं ठेवान तुम्ही?' बस एवढंच. हार-बिर काही नाही. आज सांभारवडीचा घाणा निघून राहिला सकाळपासून. लहान जावई आले नं!

आता मुद्द्याचं. सासूबाईनं घरच्या मिरच्या अन् लिंबू ओवून आणलं. बांधायचं कुठं? मोटरले एक लाल दोरी लोंबत होती, टेलिफोनच्या जुन्या वायरीसारखी गुंडाळीची. 'हे कायले लोंबून राहिलं?' सासूबाई म्हणे. प्र. म्हणे, 'असंच असते आई, बांधा तिथंच.' त्याईनं लिंबू-मिरची त्या दोरीले अडकवली अन् दोरीचं मोकळं टोक पूजेच्या नाड्यानं मोटरच्या दांड्याले पक्कं बांधून टाकलं. तीन गाठी.

ती दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाले बांधायची असते. एक टोक मोटरमधल्या चिमट्याले, दुसरं हाताले. माणूस पाण्यात पडला की चिमटा निघते अन् मोटर बंद होते. दोरी मोटरलेच बांधली तं माणूस पडला काय अन् राहिला काय, मोटर चालूच.

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात प्र. म्हणे, 'साडूभाऊ, आज नियम नका सांगू, आई घाबरतीन. पाण्यात मजा करायले जाऊन राहिलो, परीक्षा द्यायले नाही.' सगळे हसले. वर्षा पण हसली. ओवी तं टाळी देऊन हसली त्याले.

मी तोंड बंद केलं. सांभारवडी खाल्ली. चार खाल्ल्या.

२० जानेवारी, सोमवार

फोन करून सांगावं. दोन मिनिटाचं काम. दुकानात सागवानाची गाडी उतरून राहिली होती, राहून गेलं.

खोटं. गाडी अकरालेच रिकामी झाली होती. लकडगंजातल्या दुकानात दुपारभर बसून रद्दी पेपर वाचला.

२६ जानेवारी, रविवार

त्याची बोट पहिल्यांदा धरणाच्या पाण्यावर. सकाळी आठले पोचलो तं पाणी असं शांत होतं की वल्हं टाकायले जीव होईना. मी अशा पाण्यासाठीच येतो. अकरा वाजेपर्यंत फिरायचं, वारा सुटायच्या आत काठाले लागायचं, काठावर एकाले सांगून जायचं की कुठं चाललो अन् कधी येतो. जॅकेटचं बक्कल लावायचं, दोन पायातून घ्यायचा पट्टा पण. या नियमाईमुळंच तं बिनघोर फिरता येते. डोक्यात भीती नसली की पाणकावळा पंख वाळवताना दिसते. हे मी कोणाले सांगू? हसतात.

ओवी दर वेळी माझ्या पुढच्या सीटवर असते. आज म्हणे, 'बाबा, मी मौसाजीच्या बोटीत बसू?' जा म्हटलं. काय म्हणणार? पुढची सीट रिकामी, कयाक नाक वर करून चालून राहिली. मी पलीकडच्या काठाले गेलो. तिथंही घर्रघर्र ऐकू येऊन राहिली होती, अन् तिच्यात ओवीचं हसणं. माझ्या कयाकमधे एवढी कधी हसली नाही.

दोरी तशीच आहे. लिंबू-मिरची पण.

पडला पायजे एकदा. फक्त पडला पायजे. ओला होऊन, केस चपटे होऊन, सगळ्याईसमोर काठावर आला पायजे.

हे मी लिहिलं. खोडत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

आज गेलो नाही. पाठ दुखते असं सांगतलं. ते गेले. दिवसभर ग्रुपवर व्हिडिओ. प्र.नं पांढरी टोपी घेतली, समोर सोनेरी नांगर. वैशालीनं खाली लिहिलं, आमचे कॅप्टन.

वर्षा परत आली तं गाल लाल. म्हणे, 'तुम्ही पण एकदा बसून पाहा नं. मस्त वाटते. त्या दिवशी मी बसली होती तं उतरूच वाटेना.'

त्या दिवशी म्हणजे कोणत्या? तं सव्वीसले. मी पलीकडच्या काठाले होतो तेव्हा. माझ्या कयाकमधे सहा वर्षात दोनदा बसली. दोन्ही वेळा, 'हालते, हालते, काठाले घ्या.'

८ फेब्रुवारी, शनिवार

उद्या परत जायचं. प्र.चाच प्लॅन. आजकाल प्लॅन त्याचेच असतात.

संध्याकाळी ओवीचं जॅकेट तपासलं. अकरा वर्षाची झाली, खांदे वाढले, पट्टे सैल करावे लागले. खांद्याले धरून वर उचलून पाहिली, जॅकेट कानाकडं सरकत नाही नं म्हणून. शिटी वाजवायले लावली. मंग म्हटलं, 'ओवी, त्या मोटरले लिंबू-मिरची बांधलेली लाल दोरी आहे नं? मौसाजी पाण्यात पडले अन् बोट थांबली नाही, तं ती जोरात ओढजो. मोटर बंद होते.'

'मंग मी मौसाजीले पण सांगू?'

'नको. हसतीन.'

१० फेब्रुवारी, सोमवार

काल लिहायले जमलं नाही. आता क्रमानं लिहितो.

सकाळी नऊ. मोटरबोटीत प्र., वैशाली, ओवी. वर्षा काठावर सतरंजीवर. मी कयाकमधे एकटा. प्र. सीटवर नाही, बोटीच्या फुगलेल्या कडेवर बसला होता. एका हातानं मोटरचा दांडा धरला, दुसऱ्या हातानं वर्षाले टाटा करून राहिला. जॅकेट होतं अंगात, बक्कल उघडं. मी पाहिलं.

जोरात वळण घेतलं अन् गेला. धप्प. टोपी वेगळी, माणूस वेगळा.

एक क्षण मले बरं वाटलं. एकच क्षण, पण वाटलं.

मंग दिसलं की बोट थांबून नाही राहिली. दांडा सुटला तो आपल्या आपण एका बाजूले वळला अन् बोट गोल फिरायले लागली, प्र.च्याच भोवती. वैशाली 'अहो, अहो' करून किंचाळे. पहिल्या चकरेत त्याच्या डोक्याजवळून गेली. दुसऱ्या चकरेत तो वरडला. माणूस असा वरडलेला मी ऐकला नव्हता.

तिसरी चक्कर ओवीनं होऊ दिली नाही. बोटीच्या तळातून सरपटत मागं गेली अन् लिंबू-मिरचीसकट दोरी ओढली. मोटर बंद. एवढं शांत झालं की काठावर वर्षा देवाचं नाव घेऊन राहिली होती ते मले पाण्यात ऐकू आलं.

मी कयाक त्याच्याजवळ नेली. 'वर चढू नको गा, दोघंही उलटू. नुसता कयाकच्या मागच्या दांडीले धरून राह.' जॅकेट त्याच्या कानापर्यंत चढलं होतं. पोटरी फाटली होती. तसाच ओढत काठाले आणला. वर्षाची ओढणी कचकचून बांधली. दवाखान्यात टाके घातले. डॉक्टर म्हणे, हाड वाचलं, नशीब समजा.

ओवी गाडीत माझ्या मांडीवर झोपली. अकरा वर्षाची पोट्टी. त्या बोटीत मीच बसवली होती तिले, सगळं माहीत असून. हे कालपासून डोक्यातून जाऊन नाही राहिलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ओवी सगळ्याईले सांगून राहिली, 'मले बाबानं सांगतलं होतं, लाल दोरी ओढजो.' ग्रुपवर माझा फोटो. सासूबाईचा फोन, रडून राहिल्या होत्या. 'जावईबापू, तुम्ही होते म्हणून माझ्या वैशालीचं कुंकू वाचलं.' आपण मारलेल्या गाठीमुळंच मोटर थांबली नाही, हे त्याईले समजलं नाही अजून. मी सांगतलं नाही.

असं कौतुक व्हावं म्हणून मी सहा वर्षं झुरलो. आज झालं तं फोन उचलायची हिंमत होत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

वर्षा मेथी निवडून राहिली होती. मान वर न करता म्हणे, 'ओवीले दोरीचं कधी सांगतलं तुम्ही?'

'शनिवारी.'

'म्हणजे शनिवारी तुम्हाले माहीत होतं.'

'हौ.'

'मंग भाऊजीले काहून नाही सांगतलं?'

विसरलो म्हटलं.

'विसरले असते तं पोरीले पण विसरले असते. अन् तिले म्हटलं, मौसाजीले सांगू नको. तिनं सांगतलं मले.'

मी भडकलो. म्हटलं, मी काही बोललो की हसता तुम्ही लोक. पूजेच्या दिवशी तू पण हसली होती.

'हौ, हसली. मंग माणूस मारायचा का?'

मेथी तशीच टाकून उठली. जेवायले बसलो. ओवी आळीपाळीनं दोघाईकडं पाहून राहिली होती.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

शनिवारी ओवीचं बक्कल मी तीनदा तपासलं होतं. रविवारी त्याचं उघडं बक्कल पाहिलं अन् दुसरीकडं पाहिलं.

वर्षा म्हणे, 'रविवारी काटोलले जा अन् सांगून या. तुम्ही नाही सांगतलं तं मी सांगीन.'

१६ फेब्रुवारी, रविवार

एकटाच गेलो, बसनं. बसमधे वाक्यं जुळवली, ती स्टँडवर उतरेपर्यंत विसरलो.

प्र. दिवाणवर, पाय उशीवर. बारीक झाला. वैशाली मले पाहून उठली अन् पाया पडली, मी नको नको म्हणेपर्यंत. चहा ठेवून आत गेली. म्हटलं, आता बोलावं.

तोच बोलला. 'साडूभाऊ, ओवीले ते दोरीचं कधी सांगतलं होतं तुम्ही?' साधं विचारलं, आवाज न चढवता.

'आदल्या दिवशी.'

'अन् दोरी मोटरले बांधली हे पाहिलं कधी?'

'पूजेलेच.'

तो पायाकडं पाहत राहिला. मी शिव्या खायच्या तयारीनं गेलो होतो. द्यायले पायजे होत्या त्यानं. कपबशी फेकून मारली असती तरी चाललं असतं. तं म्हणे, 'मी हसलो होतो नं तुमच्यावर त्या दिवशी.'

मंग म्हणे, 'टाके निघाले, पाय बरा झाला की जाऊ. मोटर तुम्ही चालवा, दोरी तुमच्याच हाताले बांधू. मी समोर बसतो.' अन् हळूच, 'हे वैशालीले सांगू नका बाप्पा. ती नाही समजणार. तुमच्याकडचं येणंजाणं बंद करीन.'

येताना खिडकीची जागा भेटली. हलकं वाटायले पायजे होतं. झाला नुसता जळफळाट. बोट त्याची, पोरीचं हसणं त्याच्याजवळ, अन् आता मनाचा मोठेपणा पण त्याच्याचकडं निघाला. मले शिव्या द्यायचंही काम नाही केलं यानं. मी त्याच्या जागी असतो तं काय केलं असतं ते मले चांगलं माहीत आहे.

घरी आलो तं वर्षा दारातच. 'सांगतलं?'

हौ म्हटलं.

'काय म्हणाले भाऊजी?'

पाय धुऊन येतो म्हटलं अन् इकडं वही घेऊन बसलो. खरं सांगतलं तं तिच्या नजरेत तो अजून वर जाईन, अन् मी होतो तिथंच. भांडला म्हणून सांगतलं तं ती मानीन, त्याच्याशी बोलणं पण कमी करीन. एका वाक्याचं काम आहे. तो काही वैशालीले सांगणार नाही, म्हणजे हे खोटं कधी उघडं पडणार नाही.

स्वयंपाकघरातून परत विचारलं तिनं आत्ता, 'अहो, काय म्हणाले?'