आत न डोकावता

१८ नोव्हेंबर, सोमवार

उघडला! बाबांचा प्रोग्राम माझ्या लॅपटॉपवर उघडला!

विंडोजसाठी लिहिलेला, विंडोजशिवाय जगात दुसरं काही असतं हे माहीतच नसलेला. आणि माझ्या लॅपटॉपवर विंडोज औषधालाही नाही, लिनक्स आहे. मध्ये फक्त वाइन नावाचं सॉफ्टवेअर. प्रोग्राम म्हणतो, विंडोज, मला अमुक दे. वाइन म्हणतं, घे. घर बदललंय याचा त्याला पत्ताच लागत नाही! चार वर्षं फावल्या वेळात मी हेच करतेय — प्रोग्राम चालवून बघायचे, काय मोडतं ते कळवायचं, जमलं तर दुरुस्ती पाठवायची. तरी दर वेळी खिडकी उघडली की पहिल्या दिवसासारखीच ओरडते. एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या माणसांनी तीस-तीस वर्षं बसून हे बांधलं आणि फुकट वाटून टाकलं. कोण करतं असं?

(शेजारच्या सुशीलाबाईंना अजून वाटतं, मी दारूच्या कंपनीत आहे. वाटू दे.)

पण आवाज फुटका आला.

तंबाखू-सुपारीच्या खर्र्याने बाबांचा गळा खाल्ला. गेल्या वर्षी नागपूरला स्वरयंत्र काढलं. त्याआधी तिथल्या एका बाईंनी बाबांना एका खोलीत बसवून शब्द बोलून घेतले — ढीगभर शब्द. ते सगळे या प्रोग्रामच्या पोटात. बाबा टाइप करायचे, तो शब्द जोडून बाबांच्याच आवाजात बोलायचा. सप्टेंबरात वीज पडली आणि बाबांचा जुना लॅपटॉप जळला. डिस्क तेवढी वाचली. प्रोग्राम बनवणारी कंपनी कधीच बंद झालेली, नव्या विंडोजवर तो चालायला तयार नाही. तेव्हापासून बाबा आणि पाटी-खडू.

आज मी टाइप केलं, बाबा आईला म्हणायचे तसं — रुख्मा, पाणी दे. लॅपटॉप म्हणाला, "रु. पा. द." प्रत्येक शब्दाचा शेवट गिळलेला!

आई चुलीपासून हातातल्या भाताच्या गंजासकट धावत आली. दोन महिन्यांनी तो आवाज. उभी राहिली. मग म्हणाली, "हे काऊन असं तोतरं बोलून राहिलं?" आणि परत गेली. बाबा माझ्याकडे बघून हसले. मला तिथेच बसून रडावंसं वाटलं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

लीलाधरकाका येऊन गेले. बावीस डिसेंबरला पाणी वापर संस्थेची सभा आहे. चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी उन्हाळी धानाला कुठवर सोडायचं ते तिथे ठरतं. आमच्या आणि काकांच्या धानाच्या बांध्या कालव्याच्या पार टोकाला. टोकावाल्यांच्या वतीने दर वर्षी बाबाच उठायचे.

"दुधरामभाऊ बोलले का लोकं आयकते," काका म्हणाले. "माहं कोन आयकते?"

मी मोठ्या तोंडाने सांगून बसले — महिन्याभरात बाबा बोलतील. हात दाखवून अवलक्षण!

२४ नोव्हेंबर, रविवार

दुरुस्ती पाठवली. तासाभरात परत. वाइनमधला आवाजाचा भाग तपासणारे जे कोणी गृहस्थ आहेत — कुठल्या देशातले देव जाणे, मी मनात त्यांना मास्तर म्हणते — त्यांचं दोन ओळींचं उत्तर: "बरोबर काय ते सांगू नका. विंडोज काय करतं ते दाखवा."

आधी राग आला. मग वाटलं, बरोबरच आहे की. प्रोग्राम विंडोजच्या सवयी बघत मोठे झालेत. शहाणपणाने वागून उपयोग नाही, विंडोजसारखं वागलं पाहिजे. आणि तेसुद्धा आत न डोकावता. बाहेरून प्रश्न विचारायचा, आलेलं उत्तर लिहून घ्यायचं. पुन्हा विचारायचं. एवढं अवाढव्य घर या लोकांनी नुसतं दार वाजवून ओळखलंय! विचार केला की चक्कर येते.

म्हणजे आता मला जुन्या विंडोजचं एक मशीन पाहिजे.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

मिळालं. तिरोड्याला हिरालालभाऊंच्या झेरॉक्सच्या दुकानात! लग्नपत्रिकांचे जुने मराठी फॉन्ट दुसऱ्या कशावर उमटत नाहीत म्हणून त्यांनी ते मशीन जपून ठेवलंय. सुरू करायला एक चापट मारावी लागते.

बाबांचा प्रोग्राम टाकला. टाइप केलं — टोकाले पाणी पोचत नाही.

आणि बाबा बोलले. अख्खे! "नाही"मधला "ही" सुद्धा, तो शेवटी थोडा वर जाणारा. झेरॉक्सच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. हिरालालभाऊ आतल्या खोलीकडे मान काढून म्हणाले, "अरे, दुधरामभाऊ अंदर बैठे हैं क्या?"

मी मान खाली घालून कीबोर्ड पुसत बसले, डोळे दिसू नयेत म्हणून.

सभेपुरतं मशीन मागितलं. "बेटा, हिलाया तो गया. शादी का सीजन है." खरं आहे. पण दुकानात येऊन वाट्टेल तेवढं विचार म्हणाले त्याला. वर चहा.

३ डिसेंबर, मंगळवार

गजेंद्रचा फोन. माझा मावसभाऊ, हैदराबादला मोठ्या कंपनीत. आईने त्याला सगळं सांगितलेलं दिसतं.

"रेणू, तू पागल आहेस का? विंडोजचं आतलं लिखाण, सोर्स कोड, कधीचंच फुटलंय, माझ्या एका मित्राकडे आहे. लिंक पाठवतो. आवाजाचा भाग उघड, वाच, तासाभरात भेटन तुले. कोन पाहून राहिलं?"

कोणीच नाही पाहून राहिलं. तेच तर! वाइनमध्ये एक नियम आहे — ज्याने ते आतलं लिखाण पाहिलं, त्याने इथे हात लावायचा नाही. पहारा नाही, कुलूप नाही. नुसतं विचारतात, आणि तुम्ही सांगाल त्यावर विश्वास ठेवतात. एकाने जरी चोरून बघितलं आणि इथे लिहिलं, तर उद्या कोर्टात सगळंच बांधकाम चोरीचं ठरू शकतं. मी बघितलं तर बाबांपुरतं काम होईल. पण ती दुरुस्ती मला कोणालाच देता येणार नाही. आणि यापुढे दुसरी कुठलीही नाही.

नको म्हटलं. आईने ऐकलं.

"बापाच्या आवाजापेक्षा तुले तो कायदा मोठा हाय? त्या लोकायनं तुले का देलं? एक रुपया तरी देलं का?"

जे दिलं ते तिला दाखवता येत नाही.

लिंक आलीय. फोनमध्ये पडून आहे. पुसलेली नाही.

८ डिसेंबर, रविवार

बाबांना सगळं सांगितलं. आवाज त्यांचा, मी एकटी कशी ठरवणार?

बाबा धानाच्या पोत्याला टेकून ऐकत होते. पाटीवर लिहिलं — न पाहता होईल का?

"होईल. कधी ते सांगता येत नाही. सभेच्या आधी होईलच असं नाही."

पाटी पुसली. मग लिहिलं — मंग तसंच कर.

लिंक पुसली.

१२ डिसेंबर, गुरुवार

काही नाही. हिरालालभाऊंच्या दुकानात दिवसभर. डोक्याचा दगड झालाय.

१७ डिसेंबर, मंगळवार

आज थोडं कळलं. शब्द वाजत असताना प्रोग्राम सारखं विचारत असतो — आवाज कुठवर पोचला? आता कुठवर? संपत आला असं वाटलं की लगेच पुढचा शब्द लावतो. त्याला शब्द संपायच्या आधीच संपल्यासारखा वाटतोय. पण का? वाइन तर चोख उत्तर देतंय. मी दहा वेळा ताडून पाहिलं, चूक नाही!

चूक नाही आणि बाबा तोतरे. असलं कोडं पहिल्यांदाच.

तोवर सभेसाठी एक तोड काढली — हिरालालभाऊंच्या मशीनवरून बाबांचं भाषण मोबाइलमध्ये भरून घेतलं. बाबांनी पाटीवर लिहून दिलं, मी टाइप केलं. आईने ते दोनदा लावून ऐकलं. मी बघत नाही असं समजून.

२२ डिसेंबर, रविवार

सभा झाली.

मोबाइल लावला तेव्हा मागच्या रांगेतले उठून पुढे आले. बाबांचा आवाज! वरच्या गावचा उदाराम तर टोपी काढून बसला. टोकाच्या बांध्या, फुटलेला पाट, मागच्या साली वाळलेलं धानाचं रोवणं — सगळं बाबा बोलले. लीलाधरकाकांनी माझा हात घट्ट धरला होता.

मग अध्यक्षांनी साधाच प्रश्न विचारला. "मंग भाऊ, मागच्या साली तुमचं कालव्याचं गेट पाळीच्या आधी कोन उघडलं? तेवढं सांगा."

मोबाइलमध्ये त्याचं उत्तर नव्हतं. बाबांनी पाटी घेतली. खडू मोडला. दुसरा घेतला. ते लिहीत होते आणि मागून कोणीतरी ओरडलं, कोणीतरी उत्तर दिलं, भांडण वरच्या गावांच्या पाण्याच्या पाळ्यांवर गेलं. बाबांनी पाटी वर धरली. धरून ठेवली. कोणी बघितलं नाही. मी "वाचा ना!" म्हणून ओरडले तर म्हणे, "पोरी, विषय झाला."

यंदा टोकाला पाणी नाही.

घरी येताना बाबांनी पाटी काखेत धरली होती. मला वाटतं ही माझी करणी आहे. वाटतं काय, आहेच.

२३ डिसेंबर, सोमवार

आई माझ्याशी बोलत नाही. आता घरात दोघं मुके.

२९ डिसेंबर, रविवार

सापडलं! सापडलं! सापडलं!

हिरालालभाऊंचं मशीन. एकच लांबलचक सूर वाजवला आणि त्याला भराभर विचारत सुटले — कुठवर आलास? कुठवर आलास? उत्तरं कागदावर छापून घेतली. आणि बघते तर एकच उत्तर कितीतरी वेळा सारखं, मग एकदम मोठी उडी. पुन्हा तेच उत्तर, पुन्हा उडी!

हे जुनं मशीन आवाज पायलीने मोजतंय. पायली भरली की सांगणार, अर्धीमुर्धी सांगणार नाही. आणि आमचं वाइन दाणा दाणा मोजून सांगत होतं. बाबांचा प्रोग्राम लिहिणाऱ्याने पायलीच गृहीत धरलेली! शेवटची पायली भरली म्हणजे शब्द संपला. शेवटच्या पायलीत पहिला दाणा पडल्याचं कानावर गेलं की त्याला ती भरलीच वाटते, तो घाईने पुढे जातो आणि शब्दाचा शेवट सांडतो.

आम्ही जास्त चोख होतो. तीच आमची चूक! असली चूक वाइनवाल्यांशिवाय कोण करणार?

दुकानात एकटीच हसत बसले. हिरालालभाऊ म्हणाले, "बेटा, चाय पी ले, ठंडी हो गई." त्या बंद पडलेल्या कंपनीतला कोणी एक माणूस केव्हातरी एक ओळ लिहून गेला, आणि इतक्या वर्षांनी तिरोड्यात मी त्याच्या मनात काय होतं ते ओळखलं. त्याला न भेटता, कुठे न डोकावता.

३० डिसेंबर, सोमवार

वाइनला पायलीने मोजायला शिकवलं. लॅपटॉप बाबांच्या पुढ्यात ठेवला. आई दारात, तोंड फिरवून, पण दारातच.

बाबांनी खूप वेळ लावून टाइप केलं. मग कळ दाबली.

"रुख्मा, भाजीत मीठ कमी राहते. तीन महिने झाले, सांगाचं राहून गेलं होतं."

आई मटकन खाली बसली. हसतेय की रडतेय कळेना. "बोलले तं हेच बोलले!" म्हणाली. "देवा, बोलले तं हेच बोलले!"

मग उठली आणि मला जवळ ओढलं. तिच्या हाताला लसणाचा वास होता. तेवढं पुरे झालं.

दुरुस्ती मास्तरांकडे पाठवली, तपासणीच्या उत्तरांसकट.

१३ जानेवारी, सोमवार

मास्तरांचं एकच वाक्य: "विंडोजचं आतलं लिखाण तुम्ही कधी पाहिलं आहे का?"

लिहिलं — नाही.

अर्ध्या तासाने: "छान काम. घेतलं."

एवढंच! मी कोण, कुठली, त्यांना काय माहीत? गोंदिया जिल्ह्यातल्या कुठल्याशा गावातल्या पोरीने "नाही" म्हटलं आणि त्यांनी ते जगभर जाणाऱ्या बांधकामात रचून टाकलं. माझ्या शब्दाला इतकं वजन आजवर कोणी दिलं नव्हतं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "खरंच पाहिलं नोयतं, तं घाबरतस कायले?"

घाबरत नाही गं. हे भलतंच मोठं वाटतंय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

रस्ताभर कचारगडच्या जत्रेच्या गाड्या. दुपारी मोबाइलवर मेल आली. लांबच्या देशातली एक बाई, मला ओळखत नाही. माझं नाव दुरुस्तीखाली वाचलं म्हणते. तिच्या नवऱ्याकडेही हाच प्रोग्राम होता. तो जाऊन दोन वर्षं झाली. त्यांचं जुनं मशीन त्याच्या आधीच बंद पडलेलं. काल तिने वाइनची नवी आवृत्ती टाकली, तिचं स्वतःचं नाव टाइप केलं आणि कळ दाबली. "शेवटच्या अक्षरापर्यंत म्हणाला," असं लिहिलंय.

बाबा अंगणातून हाक मारतायत, लॅपटॉपवरून. "रेणू, जेवाले ये." दुसऱ्यांदा झाली.

उठत नाही. अजून एकदा मारू देत.