मे महिन्यातलं गार तांबं

बाबा,

परवा इथे पुण्यात की-बोर्ड घ्यायला एका दुकानात गेले होते. काउंटरमागे काचेचं एक कॅबिनेट मांडून ठेवलं होतं. आत निळा-जांभळा उजेड, आणि त्या उजेडात पारदर्शक नळ्यांमधून पाणी फिरत होतं. मी बघत राहिलेली पाहून दुकानदार म्हणाला, "लिक्विड कूलिंग आहे, आँटी. एकदम लेटेस्ट." मी विचारलं, "यात कॉम्प्रेसर कुठे बसवलाय?" तो हसला. "कॉम्प्रेसर फ्रिजमध्ये असतो, आँटी. कॉम्प्युटरमध्ये कसा असेल?" की-बोर्ड न घेताच बाहेर पडले आणि फुटपाथवर पर्स धरून उभी राहिले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता असं भर रस्त्यात रडू येणार नाही अशी माझी समजूत होती.

पत्र कसं लिहायचं ते कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी आम्हाला इंग्रजीत शिकवलं होतं. तारीख कुठे टाकायची, स्वल्पविराम कुठे द्यायचा, सगळं. तुम्हाला मराठीत पत्र लिहिण्याची वेळ मात्र कधी आली नाही, कारण मी शाळेतून घरीच यायची, आणि घर म्हणजे तुमचं दुकान. वर्ध्याच्या त्या पुढच्या खोलीत शटर वर केलं की रांगेने उभे असलेले, दारं काढलेले फ्रिज दिसायचे. कॉन्व्हेंटचा स्कर्ट सावरत मी त्यांच्या मधून आत जायची आणि तुम्ही गिऱ्हाइकाला सांगायचात, "आमची पोरगी. इंग्रजीत भांडते." लग्नानंतर काही वर्षांनी मी एक सुटकेस आणि एक कॉम्प्युटर घेऊन नागपूरहून कायमची परत आले, तेव्हा तुम्ही काहीच विचारलं नाहीत. सायकलरिक्षातून तो खोका उतरवताना फक्त म्हणालात, "हे कुठं ठेवाचं?" जणू कुणीतरी दुरुस्तीला आणून टाकलंय. मग दुकानाच्या मधोमध तुम्ही पडदा लावलात. पडद्याच्या अलीकडे तुमचे फ्रिज, पलीकडे माझं टायपिंग.

लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, गणपती मंडळांची निमंत्रणं असं काम हळूहळू यायला लागलं होतं. अडचण उन्हाळ्याची होती. आपली खोली पश्चिमेची, शटर तापून तव्यासारखं व्हायचं. दुपार चढली की स्क्रीनवरची अक्षरं जागच्या जागी थिजायची, माउस हलायचा नाही, आणि समोर बसलेला वरपक्षाचा माणूस म्हणायचा, "ताई, मामाचं नाव राह्यलं नं वं!" पुन्हा सुरू करा, पुन्हा टाइप करा, पुन्हा बंद. कूलर लावायची सोय नव्हती. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ती ओली हवा कागदाला लागली की कागद मऊ पडायचा आणि प्रिंटर तो चावून टाकायचा. म्हणून पडद्यापलीकडे कूलर आणायचा नाही, असा नियम तुम्हीच घालून दिला होता. एसी परवडण्यातला नव्हता, आणि परवडला असता तरी आपल्या विजेच्या लाइनीचा दाब तो चालवू शकला नसता.

त्या वर्षी एप्रिलमध्ये माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचा निरोप आला. पुण्याला तिच्या ओळखीच्या एका छापखान्यात अक्षरजुळणीची नोकरी होती, जूनपर्यंत कळवायचं होतं. आईने पोळी लाटता लाटता तुम्हाला सांगितलं. तुम्ही जेवत होतात. हात थांबला नाही, मान वर झाली नाही. "मे तं जाऊ दे," एवढंच म्हणालात. "मंग ठरवू." दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवरून खाली आले तर तुम्ही माझ्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडून त्याच्यासमोर मांडी घालून बसलेले. बोटाने प्रोसेसरवरचा तो चिमुकला पंखा गोल फिरवत मला विचारलंत, "येवढुसा जीव, अन् तापते किती? याले हवा काऊन मारता तुम्ही लोकं? गरम हवाच तं मारता. याले थंड पाणी पाजाले पाहिजे." मी तुमच्याकडे पाहिलं आणि मला सगळं समजलं. तुम्हाला मला थांबवून घ्यायचं होतं, आणि 'थांब' हा शब्द तोंडातून निघत नव्हता. म्हणून तुम्ही कॅबिनेट उघडलं होतं.

नाचणगावच्या एका हॉटेलवाल्याने भंगारात टाकलेला छोटा फ्रिज तुम्ही आणलात, त्याचा नारळाएवढा कॉम्प्रेसर काढलात. कुठून तरी एक उंच कॅबिनेट मिळवलं. आता मला ते एकेक दिसायला लागलंय. तुम्ही तांब्याची नळी वेटोळी वळवताय, आईचा स्टीलचा डबा तिच्यावर उपडा घालून माप घेताय, आणि आई दारातून ओरडतेय, "तो साखरेचा डबा होय! फ्रिज फाडला, आता माह्यं सैपाकघर फाडता का?" त्या डब्यात वेटोळं, वेटोळ्याभोवती पाणी, पाण्यात मासे पाळणाऱ्यांचा इवलासा पंप. फ्रिजचा गॅस नळीतून फिरून डब्यातलं पाणी गार करणार, पंप ते पाणी प्रोसेसरवर बसवलेल्या तांब्याच्या ठोकळ्यातून फिरवणार, आणि तापलेलं पाणी परत डब्यात. फ्रिजच्या पाठीवरची काळी जाळी तुम्ही कापून, वाकवून कॅबिनेटच्या पाठीला बसवलीत. तांब्याचा ठोकळा कानशीने घासून घासून आरशासारखा केलात आणि शेवटी आईकडून चिंच मागून त्याला चोळलीत. "देवाची भांडी घासाले ठेवली होती ते," आई म्हणाली. "हा बी देवच समज," तुम्ही म्हणालात. गॅस कुठे गळतोय का ते पाहायला साबणाचा फेस लावून तुम्ही एकेक जोड तपासत होतात, आणि मी पलीकडून म्हटलं, "बाबा, भारी जुगाड आहे हा." तुम्ही ब्रश खाली ठेवलात. "जुगाड म्हणू नको. जुगाड चालून जाते. हे चालवाचं हाय." तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नाहीत, तेव्हाही नाही. पण त्यानंतर तो शब्द मी आजतागायत कुणाच्या कामासाठी वापरलेला नाही.

आणि ते चाललं, बाबा. कॉम्प्रेसर सुरू झाला की ट्यूबलाइट क्षणभर मलूल व्हायची आणि मग सगळं सुरळीत. भर दुपारी, शटरला हात लावला तर चटका बसेल अशा वेळी, मी प्रश्नपत्रिका टाइप करत होते आणि एक अक्षर थिजत नव्हतं. तुम्ही येता-जाता कॅबिनेटमध्ये हात घालायचात, तांब्याला बोट लावायचात आणि तेच बोट माझ्या गालाला. नळ्यांवर तुम्ही काळा फोम चढवला होता, ठोकळा मात्र उघडा ठेवलात, हात लावून पाहायला. "पावसाच्या आधी झाकून टाकू," म्हणालात. "आता हवेत पाणीच नाई, तं याले घाम कुठून येईन?" ते खरंच होतं. थंड पेल्याला बाहेरून पाणी का सुटतं याचं उत्तर मी सिस्टरांपुढे इंग्रजीत घडाघडा म्हणून दाखवलेलं होतं. वर्ध्याच्या मे महिन्यात पेल्याला पाणी सुटत नाही, ओठ फुटतात.

मग पुलगावकडच्या एका शिक्षणसंस्थेचे सचिव आले. त्यांच्या सगळ्या शाळांचं वर्षभराचं टायपिंग ते एका जागी देणार होते, पण ऐन दुपारी यंत्र चालतं की नाही हे डोळ्यांनी पाहायचं होतं. ते काम मिळालं असतं तर पुण्याचा प्रश्नच उरला नसता. हे तुम्हाला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि आई तर सकाळपासून देवापुढे दोनदा जाऊन आली होती. सचिव उन्हातून आले, डोक्याचा दुपट्टा सोडून घाम पुसत बसले. मी फाइल उघडते, काम दाखवायला लागते. आणि तुम्ही आत जाता. आपल्याकडे मे महिन्यात पाहुणा आला की आधी कूलर त्याच्याकडे वळवायचा, मग पाणी, मग नाव-गाव. असं झालं नाही तर त्या घरात कुणी माणसं राहतात की नाही, असंच पाहुणा म्हणेल. आतल्या खोलीतला मोठा कूलर तुम्ही फरशीवरून ओढत आणलात, पडदा बाजूला सारलात, वायर लावलीत आणि तोंड सचिवांकडे केलंत. ते टेबलाला लागूनच बसले होते. वाळ्याचा वास खोलीभर पसरला. "वा, काका," सचिव म्हणाले, "आता कसं बरं वाटलं!" तुमचा चेहरा इतका फुलला होता की तुमचा तो कूलरचा नियम त्या घडीला आपल्या दोघांच्याही लक्षात नव्हता.

छान चाललं होतं. सचिव खुर्ची पुढे घेऊन मला पुढच्या महिन्याच्या कामाबद्दल सांगत होते. मग कॉम्प्युटरचा स्क्रीन काळा झाला. तुम्ही कॅबिनेटमध्ये वाकलात, मीही वाकले. त्या चकचकीत तांब्यावर बारीक बारीक थेंब दाटले होते, एकमेकांत मिसळत होते, आणि खाली कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर टपकत होते. सचिवांनीही डोकावून पाहिलं. वाईट माणूस नव्हता तो. हसून म्हणाला, "काका, तुमच्या कंप्युटरले तं आपल्यापेक्षा जास्त घाम सुटला!" तुम्हीही हसलात. खांद्यावरचा दुपट्टा काढून ते थेंब टिपत राहिलात, आणि हसत राहिलात, ते गेले तरी. मग उठून तुम्ही कूलर बंद केलात. कॉम्प्रेसर थांबला होता, पंखा थांबला होता, आणि त्या खोलीत आपण तिघं होतो. आई म्हणाली, "वाळेल. ऊन का कमी हाय?" गच्चीवर तिच्या कुरड्या वाळत घातल्या होत्या. त्यांच्या शेजारी जुन्या लुगड्यावर तुम्ही तो बोर्ड ठेवलात, वर पातळ कपडा टाकलात आणि कावळे हाकायला तिथेच बसलात. कुरड्या वाळल्या. बोर्डही वाळला, पण सुरू झाला नाही.

"पुण्याले जाजो," तुम्ही स्वतःच म्हणालात. मी म्हटलं, दुसरा बोर्ड घेऊ, ठोकळा झाकून टाकू. "नाई. तू जाजो. हे तुह्या भरवशाचं नाई." गाडी सुटताना तुम्ही खिडकीच्या गजांवर हात ठेवून चालत होतात. पाण्याची बाटली दिलीत, आणि पुलगाव जाईपर्यंत मी तिला नुसती गालाशी धरून बसले होते.

त्यानंतर रविवारी फोन. तुमचे प्रश्न ठरलेले होते. तिकडं लाइन जाते का, पाणी कसं हाय, जेवून राह्यली की नाई. एका रविवारी पलीकडे पावसाचा आवाज येत होता. तुम्ही म्हणालात, "ऐक नं माय..." आणि थांबलात. मी विचारलं, काय? "काई नाई. छत्री नेत जाय." दिवाळीच्या आधी तुम्ही गेलात. मी पोहोचले तेव्हा तुम्हाला अंगणात आणून ठेवलं होतं आणि तुमच्या नखांत काळा फोम अडकलेला होता.

तेराव्यानंतर आईने मला पडद्यापलीकडे नेलं. ते उंच कॅबिनेट तसंच उभं होतं. ठोकळा काळ्या फोमने आणि फटी बुजवायच्या मेणासारख्या लांबीने पुरता बंद केलेला, कुठे सुईएवढी फट नाही. बोर्ड तोच मेलेला. आई म्हणाली, "पूर्ण पावसाळा हेच चाललं. भरल्या पावसात समोर कूलर लावे, अन् मले स्टुलावर बसवे. मी कुडकुडून राह्यली, तं म्हणे, पाह्यत राह्य, थेंब दिसला तं सांग. एक थेंब नाई पडला वं." मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं? आईने पदराने कॅबिनेटवरची धूळ पुसली. "मीनं बी तेच म्हटलं. तं म्हणे, सांगितलं तं पोरगी वापस येईल. तिले तिथं जमून राह्यलं, राहू दे."

मी तिथेच फरशीवर बसले आणि मोठ्याने रडले. आईला म्हणाले, त्यांनी एक शब्द टाकला असता तर मी आले असते गं, त्याच गाडीने आले असते. नातेवाइकांना तेच सांगितलं. नंतरची सगळी वर्षं, कुणी तुमचा विषय काढला की मी तेच सांगत आले. ऐकणाऱ्याचे डोळे भरून यायचे, माझेही.

आई आता नाही, म्हणून इथे लिहिते. तुम्ही असतात तर हे तुम्हाला लिहिलंच नसतं. त्या पावसाळ्यापर्यंत मला पुण्यात एक खोली मिळाली होती, तिला पूर्वेची खिडकी होती. छापखान्यात मला कुणी कुणाची मुलगी किंवा कुणाची सोडलेली बायको म्हणून ओळखत नव्हतं. संध्याकाळी मी एकटी चालत घरी यायची आणि वाटेत मला गाणं सुचायचं. त्या रविवारी तुम्ही 'ऐक नं माय' म्हणून थांबला नसतात आणि सगळं सांगितलं असतंत, तर मी फोनवर खूप आनंद केला असता. पण मी आले नसते, बाबा. मी येईन असं धरून तुम्ही गप्प राहिलात, आणि तसंच धरून गेलात. माझ्याजवळ तुमच्या या विश्वासापेक्षा मोठं काही नाही, आणि तो मी कमावलेला नव्हता हे मी कुणालाही कळू दिलेलं नाही.