मुक्ताच्या बुटांबाबत खरे काय ते

मी, छबुबाई भ्र. म्हाळू सानप, वय सत्तरीच्या अल्याडपल्याड, धंदा पूर्वी ऊसतोड व आता दोन म्हशी, राहणार शिरूर कासार, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र लिहिते. डोके ठिकाणावर आहे, तसे डॉक्टरांनी वेगळ्या कागदावर लिहून दिले आहे. मला कोणी दम दिला नाही, कोणी पेढाही दिला नाही. शाळा तिसरीपर्यंत, म्हणून अक्षर मोठे आहे. वकीलसाहेबांनी चार शब्द सांगितले, बाकीचे माझे.

एक. राहते पत्र्याचे घर मुलगा आसाराम यास. हे घर मी व मालकांनी एका कोयत्यावर बांधले. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. त्यातला निम्मा मी होते, हे आसारामने ध्यानात ठेवावे.

दोन. दोन्ही म्हशी व महिला दूध सोसायटीचा शेअर सून रुक्मिणी हिला. कोरड्या साली चारा छावणीवर तीच राहिली. म्हशींना नावाने हाक मारावी, नाहीतर पान्हा चोरतात.

तीन. जाऊबाई सावित्रीबाई यांस काही नाही. टँकरच्या रांगेत लावलेला माझा तांब्याचा हंडा त्यांनी आपला म्हणून उचलून नेला. तो त्यांच्याकडेच राहू द्यावा. पाणी पिताना माझी आठवण येईल.

चार. पोती शिवायचा माझा दाभण आसारामची मुलगी, माझी नात मुक्ता हिला. याचे कारण लांबून सांगावे लागेल. मुक्ता पुण्याच्या एका मंडळात डोंगरावर माणसे नेण्याचे काम शिकत होती. दोन वर्षांमागे तिच्या शिक्षणातली शेवटची फेरी नेपाळला होती, त्यात घरचे एक माणूस नेता येत होते. आसाराम म्हणाला, "म्हातारीला कावून नेतीस?" मुक्ता म्हणाली, "चालायला तुमच्यापेक्षा तीच बरी हाय." गेले! परदेश म्हणजे विमान असे मला वाटायचे, पण आम्ही रेल्वे आणि बसनेच पोचलो. काय ते डोंगर! बघावे तिकडे वाहते पाणी, आणि रांग कुठेच नाही. मी दिवसभर हसतच होते.

तिसऱ्या दिवशी मुक्ताचे बूट ओढ्यात भिजले. मुक्कामाला पोचल्यावर ती सगळ्यांच्या स्वयंपाकाला लागली. मी ते बूट उचलून चुलीच्या तोंडाशी ठेवले. उसाच्या फडात ओल्या चपला आम्ही अशाच वाळवत आलो. त्या टायरच्या, त्यांना काही होत नाही. महागाच्या बुटाचा तळ नुसता चिकटवलेला असतो, हे मला कोण सांगणार? सकाळी मी नळावरून आले तर दोन्ही तळ लोंबत होते. मुक्ता एवढेच म्हणाली, "जुने झालते, आजी." मी म्हटले, असेल.

त्यांचे पुढारी गहिनीनाथ सर तिला खाली परत पाठवणार होते. मी म्हटले, "सर, एवढा चहा पिऊन घ्या, तंवर बघते." माझ्या पिशवीत कायम असतो तो दाभण चुलीत लाल केला, तळाच्या कडेने भोके पाडली, घरमालकिणीकडे खुणेने नायलॉनची दोरी मागितली आणि पोत्याचे तोंड शिवावे तसे बूट शिवले. ते बघून मालकीण तिची उसवलेली पाठपिशवी घेऊन आली. मग एक गोरा माणूस फाटका तंबू घेऊन आला. तोही शिवला. मुक्ता त्या बुटांवर सहा दिवस चालली. वर जाऊन खाली आली. पुढे वर्षभर मी गावात ज्याला त्याला हेच सांगत सुटले.

यंदा दिवाळीला मुक्तासंगे शिकलेली एक मुलगी घरी आली, तेव्हा खरे कळले. मी नळावर असताना मुक्ताने सरांना सांगितले होते, "मीच चुलीपाशी ठेवले." सरांनी तिच्या कागदावर शेरा मारला, सामानाची निगा ठेवत नाही. त्या शेऱ्यापायी तिला अजून स्वतःची तुकडी देत नाहीत. दुसऱ्यांच्या तुकडीमागे ती भांडी वाहते. मी विचारले, "कावून सांगितलं न्हाईस गं?" म्हणाली, "तू लई खुशीत होतीस, आजी."

तर मी शपथेवर लिहिते. बूट मी ठेवले. मुक्ताने ठेवले नाहीत, ती भात शिजवत होती. शेरा माझ्या नावावर मारावा.

पाच. वकीलसाहेब म्हणतात, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होते. घर आणि म्हशींचे तसे होऊ द्या. कलम चार मात्र आजपासून लागू समजावे. मी चांगली धडधाकट आहे, पोरीने कुठवर थांबावे? आसारामने याची नक्कल घेऊन स्वतः पुण्याला जावे व शेरा खोडल्याशिवाय परत येऊ नये. सरांना खोटे वाटले तर मला बोलवावे. चूल पेटवून दाखवते. बूट मात्र सरांचे घ्यावेत.

वरील मजकूर माझा, दोनदा वाचला, खुशीने सही केली.

छबुबाई म्हाळू सानप
शिरूर कासार, १८ जानेवारी २०१९

आमच्यासमोर सही झाली. यातून आम्हांस काही मिळणार नाही.
१. चंद्रभागाबाई, अध्यक्षा, महिला दूध सोसायटी
२. बद्रीनाथ, सचिव, सदर सोसायटी