थंडाव्याचं गाऱ्हाणं मागे घेण्याबाबत

तीर्थस्वरूप तुकाराममामा यांस,

कुवेतमधल्या फरवानियाहून भाचा महादेव याचा साष्टांग नमस्कार. साष्टांग हा शब्द या वेळी मी केवळ रीत म्हणून लिहिलेला नाही. गेल्या चार महिन्यांत आठही अंगं एकाच वेळी जमिनीला टेकवण्याचा मला रोजचा सराव झाला आहे, त्याचं कारण पुढे येईलच. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तुम्ही अर्ध्या करून घेता असं आई म्हणाली. (गुडघाही अर्धाच दुखतो का?) फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं तरी तुम्ही ते मान्य करत नाही, म्हणून हे पत्र रूपेशच्या हाती पाठवतो आहे. तो गुरुवारी सुट्टीवर गावी निघतोय.

मामा, पत्राचं कारण म्हणजे तक्रार आहे, आणि ती तुमच्याबद्दल आहे. तीन वर्षांपूर्वी मी सुलैबियात गोदामांच्या छपरांवर चढून एसी दुरुस्त करत होतो. तिथे उन्हाळ्यात पाना हातात धरायचा तर आधी त्याच्यावर पाणी ओतावं लागे. हे मी एकदा आईला फोनवर सांगितलं, आई रडली, आणि तुम्ही गावचे मानकरी म्हणून रवळनाथासमोर नारळ ठेवून खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलंत, “ह्या लेकराक त्या उन्हाच्या मुलखात थंडाव गावांदे रे म्हाराजा!” सगळा गाव “व्हय म्हाराजा” म्हणाला. इथपर्यंत तुमचा मी आभारी आहे. पण थंडावा किती, हे तुम्ही सांगितलं नाहीत. देवाने आपल्या अंदाजाने उणे चार डिग्री दिला.

दोन महिन्यांत माझी बदली झाली. इथे एका मॉलमध्ये बर्फाचा उतार आहे. बाहेर माणसं भाजत असतात आणि आत भाड्याचे कोट घालून कुडकुडत असतात, आणि दोन्ही गोष्टींना वीज लागते. बर्फ बनवणारी यंत्रं सांभाळणं हे माझं काम. त्यातला एक पंखा उताराच्या अगदी माथ्यावर आहे. तिथे चढायचं, तपासायचं आणि जाड बूट सांभाळत खाली उतरायचं, यात माझा अर्धा तास जायचा. स्की भाड्याने देण्याच्या काउंटरवर साबीर बसतो (दाभोळचा, आपल्याच समुद्राकडचा, माणूस चांगला, सल्ले वाईट). तो म्हणाला, “म्हादू, चालत कशाला येतस? ह्ये पायात घाल नि ये घसरत.” मी घातल्या. खाली यायला चार सेकंद लागली आणि मला उभं करायला दहा मिनिटं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा घातल्या. का, ते मला सांगता येत नाही. मॉल उघडायच्या आधी रोज तासभर मी पडायचो, उठायचो, पुन्हा वर जायचो. महिनाभराने एके सकाळी न पडता खालपर्यंत आलो. त्या उतारावर असताना इकामा (इथे राहण्याचा परवाना) कधी संपतो, घरी पैसे कधी पाठवायचे, घरच्या स्वयंपाकघराची फरशी कधी बसवायची, यातलं काहीच डोक्यात नसतं. आठ वर्षांत कुवेतमध्ये मला आनंद झाला तो त्या सकाळी. हे मी रत्नमालेलाही सांगितलेलं नाही. नवरा परदेशात राबतो आहे असं बायकोला वाटत असताना तो घसरगुंडी खेळतो हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?

फेब्रुवारीत मॉलने स्पर्धा ठेवली. मीही नाव दिलं. आता कोणतंही काम सुरू करताना नारळ ठेवायचा हे तुम्हीच शिकवलंत, म्हणून फरवानियाच्या बकाल्यातून, म्हणजे किराण्याच्या दुकानातून, एक नारळ आणला, उताराच्या माथ्यावर बर्फात ठेवला, हात जोडले, डोळे मिटले आणि तुमच्यासारखं गाऱ्हाणं सुरू केलं. (मनातल्या मनात. आजूबाजूला लेबनीज मंडळी होती.) “बारा गावच्या देवा” इथपर्यंत आलो असेन, तेवढ्यात खाली आरडाओरडा झाला. डोळे उघडले तर नारळ जागेवर नव्हता. तो सरळ, कुठेही न डगमगता, दोन्ही झेंड्यांच्या मधून खाली गेला आणि शेवटच्या रेषेपलीकडे उभ्या असलेल्या मॅनेजरच्या नडगीवर आपटला. नंतर शर्यत झाली. आठ जणांत मी सातवा आलो. आठव्याची एक स्की वाटेतच सुटली होती. नारळाचा विचार केला तर मी आठवा. संध्याकाळी प्रसाद म्हणून तो फोडायला घेतला, तर आत पाण्याचा बर्फ झालेला. साबीरने तो चमच्याने खाल्ला आणि उत्तम आहे म्हणाला.

मॅनेजरने दुसऱ्या दिवशी बोलावलं तेव्हा मी नडगीबद्दल माफी मागायची तयारी करून गेलो होतो. पण इथला शिकवणारा माणूस जास्त पगारावर दुबईला गेला होता, आणि ती जागा त्यांना मला द्यायची होती. म्हणजे मी पान्याऐवजी पायांवर पोट भरायचं. आपल्या गावात घसरण्याचा पगार घेणारा मीच पहिला. अडचण पगाराचीच आहे. दुरुस्तीच्या कामात ओव्हरटाइम धरून दोनशे तीस दिनार सुटतात, शिकवण्याचे एकशे सत्तर. कोट फुकट. साबीर म्हणतो, “तुजा डोस्का ठिकान्यावर हाय ना? बरफावर मजा करायला घरातनं आलास काय?” त्याचं चुकत नाही. त्या साठ दिनारांत रत्नमालेची फरशी आहे.

पण चाचणी म्हणून मॅनेजरने मला एक शिष्य दिला होता. अबू नासेर, वय सहासष्ट, नातवंडांसमोर लाज नको म्हणून गुपचूप शिकायला येतात. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच्या पायांवर खाली आले, माझा हात धरून लहान मुलासारखे हसले आणि म्हणाले, “शुक्रन, कॅप्टन.” इथे शिकवणाऱ्याला कॅप्टन म्हणतात. मामा, आठ वर्षं मला सगळे ‘रफीक’ म्हणून हाक मारतात. म्हणजे मित्र, पण ती हाक ‘अरे ए’ या सुरात असते. त्या दिवशी मी पंखा तपासायच्या निमित्ताने वर जाऊन थोडा वेळ एकटा उभा राहिलो.

रविवारपर्यंत सही करायची आहे. तुम्हाला विचारतो त्याला कारण आहे. तुम्ही एसटीच्या भांडारात बत्तीस वर्षं नटबोल्ट मोजलेत. त्याआधी तुमच्या पखवाजासाठी मुंबईचे एक भजनीबुवा घरी येऊन बसले होते आणि आजोबांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं, हे मला आईने सांगितलं, तुम्ही कधीच नाही. पेन्शन चांगली आहे, असं तुम्ही न विचारताही सांगता. मागच्या खेपेला देवळात भजन चाललं होतं, तुम्ही खांबाला टेकून बसला होतात आणि तुमची बोटं मांडीवर चालत होती. मी बघतोय हे लक्षात आल्यावर तुम्ही हात खिशात घातलेत. त्याचं मला फार वाईट वाटलं, आणि ते अजून गेलेलं नाही.

तरीही घरचा विचार करता शहाणपण एकच. तुम्ही देवळात जाऊन थंडाव्याचं गाऱ्हाणं रीतसर मागे घ्या. मी मुकाट पुन्हा छपरावर जातो. मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि गोळी पूर्ण घ्या.

तुमचा भाचा,
महादेव

ता. क. रूपेशचं विमान शनिवारवर गेलं, म्हणून जागा उरली आहे तिथे लिहितो. सही मी पत्र लिहायला बसण्याच्या आदल्याच दिवशी केली. जबाबदारी तुमच्यावर येऊ नये म्हणून सल्ला नंतर विचारला. खरं काम वेगळंच आहे. हे रत्नमालेला तुम्ही सांगा. तिचा चहा झाल्यावर सांगा. कल्पना तुमची होती असं म्हणालात तर फार बरं.

आणखी एक. रत्नमालेला सांगू नका, तिला कळलं आहे. साबीरच्या बायकोने, झुलेखाने, तिला माझा उतारावरचा व्हिडिओ पाठवला. काल फोन आला. मी जीव मुठीत धरून उचलला. तिने “पडल्यार लागता काय?” एवढंच विचारलं. मी नाही म्हणालो. (लागतं.) मग म्हणाली, “फरशी फुडल्या वर्सा बसवया. तुमी त्या व्हिडिओत हसतास.”

शेवटचं. पत्र अर्धं वाचून उठायची तुमची सवय आहे, तेव्हा तुम्ही गाऱ्हाणं मागे घेऊन आला असाल तर कृपा करून पुन्हा जा आणि जसंच्या तसं घाला. नारळाचे पैसे रूपेशकडे दिले आहेत. नारळ घट्ट धरा. आणि तेव्हा भजन चालू असलं, तर हात खिशात घालू नका.