मॅनेजरचं मटण

१५ एप्रिल, सकाळी ७
काल पावस गावच्या बाजारात एक पाकीट पाहिलं. वर लिहिलेलं, ‘फणसाचं मटण’. आत कोवळा फणस आणि सोयाबीन. विकणारी सावनी, शाळेतल्या मास्तरांची मुलगी. पुण्यात शिकून आली आणि इथे हे उद्योग. पशुपालकांच्या पोटावर सरळ पाय. शेळीपालक संघाचा अध्यक्ष म्हणून गप्प बसणं शक्य नाही. सभासद सातच आहेत, पण आवाज मोठा आहे.

घरी बायकोला, सावित्रीला सांगितलं. ती म्हणाली, दोन वर्षांत आपण एक शेळी विकली नाही, आपलं काय जातंय? बायकांना मार्केटिंग कळत नाही. मी वजन वाढायची वाट बघतोय.

१७ एप्रिल
आमच्या घरापुढच्या खळ्यात मीटिंग. सहा जण आले. त्या पाकिटात केमिकल असतं, असं मी ठासून सांगितलं. आमचाच सभासद केरू, त्यानं खिशातून पाकीट काढून मोठ्यानं वाचलं. फणस, सोयाबीन, मीठ, गरम मसाला. म्हटलं, जे लिहिलेलं नाही त्याबद्दल बोलतोय मी.

ठराव : रविवारी अस्सल मटणाचं जेवण. सरपंच आणि सावनी दोघांनाही आमंत्रण. एकदा खरी चव कळली की विषय संपला. बोकड माझा, नाव मॅनेजर. हे बोलताना माझा आवाज जरा बसला. लोकांना वाटलं, तळमळ.

१९ एप्रिल
मॅनेजरनं ठरावाचा कागद खाल्ला. तोंडी लक्षात आहे. त्याला दोन भाकऱ्या दिल्या, वजनासाठी. मग कपाळ खाजवलं, तेही वजनासाठीच असावं. सावित्रीनं विचारलं, उद्या नक्की ना? म्हटलं, धंदा म्हणजे धंदा.

२० एप्रिल, पहाटे ५.४०
खाटीक आला. मी मॅनेजरची नीट तपासणी केली. खोकला वाटला. आजारी जनावर पाहुण्यांना खायला घालणं जबाबदार पशुपालकाला शोभत नाही. खाटकाला चहा देऊन परत पाठवला. जाताना म्हणाला, “दादा, खोकला तुम्हाला झालाय.”

सकाळी ९.३०
मटण विकत आणता येत नाही. रविवारी दुकानात अख्खं गाव रांगेत असतं. अध्यक्षानं पिशवी घेऊन त्यात उभं राहायचं?

सावित्री पिशवी घेऊन उठली. पावसला जाऊन नऊला परत आली. पिशवी जड होती. मी आत डोकावलो नाही. स्वयंपाकघरात पुरुषानं लक्ष घालू नये.

दुपारी ३
दणदणीत विजय. सरपंचांनी तीनदा वाढून घेतलं. केरू बराच वेळ चावत होता. म्हणाला, यात हाड कसं नाय? म्हटलं, कोवळा होता. तेवढ्यात गोठ्यामागून मॅनेजर ओरडला. म्हटलं, भाऊ आहे त्याचा.

मग मी उभा राहून बोललो. हा रस्सा, हे रेशे, ही चव जगातल्या कुठल्याही फॅक्टरीत होणार नाही. सावनी मोबाइलवर शूटिंग करत होती. शिकतेय बिचारी. जाताना म्हणाली, “काका, छान बोललात.”

२१ एप्रिल
सरपंचांचा फोन. मुलीच्या साखरपुड्याला त्या बोकडाचा भाऊ हवा. मी सावित्रीला म्हटलं, काल मटण कुणाकडून आणलंस, त्यालाच सांगू.

ती भांडी घासत होती. म्हणाली, “कसलं मटण? अकरा पाकिटं होती. सावनीच्या दुकानातली. तुमच्याच्यानं मॅनेजर कापवायचा नाही, हे मला ठरावाच्या दिवशीच कळलं होतं.”

मी गोठ्यात जाऊन बसलो. कामं होती.

२२ एप्रिल
सावनी आली. तिला अर्थातच ठाऊक होतं, पाकिटं तिनंच मोजून दिली होती. म्हणाली, तुमचं भाषण जाहिरातीला वापरू का? तुम्ही नाही म्हणालात तर लगेच डिलीट करते. मुलगी सभ्य आहे. म्हटलं, वापर, संघाचं नाव तेवढं काढ. तिनं काढलं. माझं तोंड काढता येत नव्हतं.

२६ एप्रिल
तातडीची मीटिंग. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला होता. हा योजनाबद्ध प्रयोग होता, असं सांगायला मी उभा राहिलो. मॅनेजर समोरच खळ्यात पेंढा खात होता, त्यामुळे बसलो.

केरूला अध्यक्ष केलं. ठराव एकमतानं. माझाही हात सवयीनं वर गेला. नवा नियम : ज्यानं वर्षात एक तरी जनावर विकलं, तोच सभासद. म्हणजे मी नाही.

निघताना केरू माझ्यापाशी थांबला. हळूच म्हणाला, “आत्मारामदादा, तुमचा धंदा नाय हा. तुमच्या घरची मानसां झाली ती जनावरां. तसा सांगायचा ना आधी.”

म्हटलं, मॅनेजरचा पेंढा संपत आलाय, बघतो.

रात्री जेवायला सावित्रीनं विचारलं, काय करू? मी विचारलं, पाकीट उरलंय का एखादं?

एक होतं. मीठ किंचित कमी आहे. सावनीला कळवलं पाहिजे.